मक्ता नसलेले गाणे

गाणे कोणाचे, हा प्रश्न दिसायला सोपा आहे. ज्याने लिहिले त्याचे, असे आम्ही शिक्षक लोक पटकन सांगतो. कारण परीक्षेत ‘कवीचे नाव लिहा’ या प्रश्नाला एक गुण असतो. पण जे गाणे कोणी कागदावर लिहिलेच नाही, एकाने काम करता करता गुणगुणले, दोन दोस्तांनी त्याला साज चढवला, तिसऱ्याने शब्द बदलायला सांगितले, चौथ्याने यंत्रावर उतरवले आणि पाचव्याने बाजारात नेले, त्या गाण्याखाली कोणाचे नाव लिहायचे? अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९६६ साली असे एक गाणे झाले. ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’ हे त्याचे नाव. जगभर ते ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या पर्सी स्लेजचे नाव गीतकार म्हणून त्याच्यावर नाही आणि संगीतकार म्हणूनही नाही.

आमच्या घरी ते गाणे मामूंच्या पेटीतून आले. आमचे मामू जहाजावर नोकरीला होते. कोकणातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात दर तिसऱ्या घरातला माणूस एकतर बोटीवर नाहीतर आखातात. मामू सुट्टीवर आले की साबण, अत्तर, चॉकलेट आणि इंग्रजी गाण्यांच्या कॅसेट असा ऐवज निघे. त्यातल्या एका कॅसेटवर हे गाणे होते, मात्र मायकेल बोल्टन या गोऱ्या गायकाच्या आवाजातले. आम्हांला त्यातले अक्षरही कळत नव्हते. नानी अंगणात वाल सोलत बसलेल्या असत. त्या विचारीत, “हा मेला एवढा रडतो कशाला?” मामू हसून म्हणत, “अम्मा, तो बायकोच्या मायेत वेडा झालाय.” यावर नानींचे उत्तर ठरलेले, “मग घरी राहा म्हणावं. बोटीवर कशाला जातो?”

पुढे बी.एड. करताना वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने मोबाइलवर मूळ गाणे ऐकवले. सुरुवातीला ऑर्गनचे संथ, लांबवलेले सूर. मग एक आवाज, जो गात आहे की हाक मारत आहे ते ठरवता येत नाही. बोल्टनचे गाणे सफाईदार होते. हे तसे नव्हते. पण आम्हांला नानींचा तो प्रश्न आठवला आणि वाटले की, हा आवाज ऐकला असता तर त्यांनी तो विचारलाच नसता. हा माणूस कशाला रडतो ते भाषा न कळताही कळत होते. त्या दिवसापासून आम्ही या गाण्याच्या मागे लागलो.

अलाबामाच्या वायव्य कोपऱ्यात टेनेसी नदीच्या काठावर चार लहान गावे एकमेकांना खेटून आहेत: फ्लॉरेन्स, शेफिल्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स. यातले टस्कंबिया आम्हां शिक्षकांच्या ओळखीचे. हेलन केलरचा जन्म १८८० साली तिथेच झाला. ॲन सुलिव्हन बाईंनी १८८७ साली तिच्या एका तळहातावर पाण्याची धार सोडली आणि दुसऱ्या हातावर बोटाने ‘पाणी’ हा शब्द लिहिला. जगातल्या प्रत्येक वस्तूला नाव असते हे त्या आंधळ्या, बहिऱ्या मुलीला त्या क्षणी उमगले. बी.एड.च्या वर्गात हा प्रसंग ऐकून आमच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्याच कोल्बर्ट काउंटीत, लेटन नावाच्या गावी, १९४० साली पर्सी स्लेजचा जन्म झाला. वस्तूंना नावे असतात हे शिकवणाऱ्या त्या मुलखातच एका माणसाच्या गाण्यावर त्याचे नाव राहिले नाही, या योगायोगाची आम्हांला नेहमी नवलाई वाटते.

पर्सी कृष्णवर्णीय, गरीब घरातला. लहानपणी कापसाच्या शेतात राबला. चर्चमधल्या भजनांवर त्याचा गळा घडला. तरुणपणी तो शेफिल्डच्या कोल्बर्ट काउंटी हॉस्पिटलमध्ये ऑर्डर्ली होता. ऑर्डर्ली म्हणजे आपल्याकडचा वॉर्डबॉय: पेशंटला उचलायचे, फिरवायचे, पुसायचे. आठवडाभर हे काम आणि शनिवार-रविवारी ‘एस्क्वायर्स कॉम्बो’ नावाच्या बँडबरोबर कॉलेजांच्या पार्ट्यांत गाणे, असा त्याचा शिरस्ता होता. पेशंटनाही तो गाऊन रमवी असे सांगतात.

गाण्याचा जन्म कसा झाला, याच्या हकिकती एकसारख्या नाहीत. पर्सीचे म्हणणे असे, की ही चाल तो शेतात असल्यापासून गुणगुणत असे. पुढे प्रेयसी सोडून गेली. त्या दुःखात एका रात्री गाताना त्याने बँडमधल्या साथीदारांना सांगितले, कुठल्याही पट्टीत वाजवा, मी गातो. बासवादक कॅल्विन लुईस आणि ऑर्गनवर बसणारा अँड्र्यू राइट यांनी सूर धरले आणि पर्सीने आपले दुःख त्यावर सोडून दिले. तेव्हा शब्द वेगळे होते. तू मला सोडून का गेलीस, असा तो सवाल होता. साथीदारांनी मदत केली म्हणून पर्सीने गाण्याचे सगळे श्रेय त्या दोघांना देऊन टाकले. कागदोपत्री आजही गीतकार-संगीतकार म्हणून लुईस आणि राइट याच दोघांची नावे आहेत. गाणे मुळातच या दोघांनी रचले, असेही सांगितले जाते. खरे-खोटे करायला त्या रात्रीचा कागद नाही. पर्सीला मात्र पुढे आयुष्यभर आपल्या उदारपणाची खंत वाटत राहिली आणि ती त्याने बोलूनही दाखवली.

शेफिल्डमध्ये क्विन आयव्ही नावाचे गृहस्थ होते. रेडिओवर निवेदक, तबकड्यांचे दुकानदार आणि नुकताच त्यांनी छोटासा स्टुडिओ थाटलेला. एका ओळखीच्या माणसामार्फत पर्सी त्यांच्यापर्यंत पोहोचला. आयव्हींना चाल आवडली, शब्द पटले नाहीत. सवाल काढून टाकावा आणि प्रेमाचेच गाणे करावे असे ठरले. सोडून गेलेल्या बाईबद्दलची तक्रार गेली आणि प्रेमात पडलेल्या पुरुषाची अवस्था आली. आमच्या मते गाण्याचे नशीब इथेच पालटले. तक्रार एकाची असते. अवस्था सगळ्यांची होऊ शकते.

१९६६ च्या फेब्रुवारीत ध्वनिमुद्रण झाले. ऑर्गनवर स्पूनर ओल्डहॅम, ड्रमवर रॉजर हॉकिन्स, गिटारवर मार्लिन ग्रीन. सगळे विशीतले, सगळे गोरे आणि सगळे आसपासचेच. हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण ते साल आणि ते राज्य लक्षात घ्यावे लागते. तीनच वर्षांपूर्वी, १९६३ मध्ये, अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना रोखण्यासाठी विद्यापीठाच्या दारात स्वतः जाऊन उभे राहिले होते. १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या माणसांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. अशा राज्यात एका खोलीत काळा वॉर्डबॉय गातो आणि गोरी पोरे मान खाली घालून त्याच्या श्वासाबरोबर वाजवतात. खोलीबाहेर जे जमत नव्हते ते आत जमले. मात्र आत जमले म्हणून बाहेरचे बदलले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आमच्याकडेही उर्सात सगळे एका चादरीला हात लावतात आणि दुसऱ्या दिवशी भाड्याच्या खोलीसाठी आडनाव विचारले जाते.

मसल शोल्समध्ये रिक हॉल यांचा ‘फेम’ नावाचा जुना, नामांकित स्टुडिओ होता. त्यांनी ही फीत ऐकली आणि न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सच्या जेरी वेक्स्लर यांना फोन केला. असला सौदा पुन्हा मिळायचा नाही, हे जाणकाराच्या कानाला कळले होते. आता यातली एक मजेची हकिकत. ध्वनिमुद्रणात मागे वाजणारी पितळी वाद्ये थोडी बेसूर होती. वेक्स्लर म्हणाले, ती पुन्हा वाजवून घ्या. ती पुन्हा वाजवली गेली. पण तबकडी निघाली ती चुकून जुन्याच फितीवरून, असे सांगतात. ती बेसूर वाद्ये आजही गाण्याच्या शेवटाकडे ऐकू येतात. लाखो लोकांनी ते गाणे ऐकले, कोणी तक्रार केली नाही. वर्गात मुलांच्या वहीतल्या प्रत्येक ओळीवर लाल शाई उमटवणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

मे १९६६ च्या अखेरीस हे गाणे ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. कृष्णवर्णीय श्रोत्यांची यादी तेव्हा वेगळी असे, तिच्यातही ते पहिले आले. ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. त्याला सुवर्ण तबकडीचा मान मिळाला. हॉस्पिटलातली नोकरी सुटली आणि पंचविशीतला वॉर्डबॉय देशभर गात फिरू लागला. त्या चार गावांचेही भाग्य उजळले. अटलांटिकने विल्सन पिकेटला तिकडे पाठवले आणि जानेवारी १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनला. अरीथाच्या कीर्तीची सुरुवात त्याच नदीकाठी झाली.

गाणे आहे तरी काय? तीन मिनिटांच्या आतले. लय अतिशय संथ. स्वतंत्र ध्रुवपद नाही. कडव्याच्या तोंडाशी येणारी नावाची ओळच ध्रुवपदाचे काम करते. प्रेमात पडलेला पुरुष काय काय करतो याची ती यादी आहे: पैसा उधळतो, दोस्ताला तोडतो, तिच्यातले वाईट त्याला दिसत नाही. बराच वेळ तो ‘असा पुरुष, तसा पुरुष’ असे बोलत राहतो आणि मग मध्येच एकदम स्वतःवर येतो. हा पुरुष म्हणजे मीच, असे कबूल करतो. तिथे आवाज फाटतो. बाई म्हणून ऐकताना आमच्या मनात एक गोष्ट येतेच, की या गाण्यात बाईचे म्हणणे कुठेच नाही. ती फसवते की फसते, कोणास ठाऊक! पण पुरुषाने आपली लाचारी इतकी उघड्यावर मांडावी, हेही आमच्या मोहल्ल्यात क्वचितच ऐकायला मिळते. नानींना बोटीवरच्या नवऱ्याने चाळीस वर्षांत ‘तब्येत ठीक आहे, पैसे पाठवले आहेत’ यापलीकडे एक ओळ लिहिली नव्हती.

आता पैशाकडे येऊ, कारण नावाचा प्रश्न शेवटी पैशापाशीच येतो. अमेरिकेत रेडिओवर गाणे वाजले की मोबदला मिळतो तो गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला. गायकाला त्यातून काही मिळत नाही. १९८७ मध्ये लीव्हाइज कंपनीने ब्रिटनमध्ये जीन्सच्या जाहिरातीत हे गाणे वापरले आणि वीस वर्षांनी ते पुन्हा तिथल्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आले. १९९१ मध्ये बोल्टनने ते गायले. ते पुन्हा अमेरिकेत पहिले आले आणि त्याला ग्रॅमी मिळाले. आमच्या मामूंची कॅसेट ती हीच. बोल्टनच्या आवाजातले गाणे जितक्या वेळा वाजले, तितक्या वेळा रचनाकाराचा वाटा लुईस आणि राइट यांच्या खात्यावर गेला. पर्सीला त्यात रचनाकार म्हणून काही नव्हते. २००५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सन्मान झाला. १४ एप्रिल २०१५ रोजी लुइझियानातल्या बॅटन रूज येथे तो वारला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळ्यात त्याचे नाव या गाण्याला जोडले. कागदाने जोडले नव्हते, ते लोकांनी जोडले.

आमच्या पूर्वजांना कागदावर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी नाव गाण्याच्या आतच विणले. गझलच्या मक्त्यात शायर तखल्लुस घालतो. मुलांना हे शिकवले तेव्हा एक मुलगी म्हणाली, “आपा, ये तो टिफिन पे नाम डालने जैसा हुआ.” आम्ही तिला शाबासकी दिली. मराठी संतांनीही हेच केले. तुकोबांचा अभंग ‘तुका’ या नावाशिवाय पुरा होत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी आपल्या अभंगांत आपले नाव घातले. पेशवाईतल्या सगनभाऊंनी लावणीत आपली मुद्रा ठेवली. छापखाना नाही, कायदा नाही, वकील नाही. तरी तीन-चारशे वर्षे कोणी ती रचना दुसऱ्याच्या नावावर खपवू शकले नाही. नाव काढायला गेले तर वृत्तच मोडते. पर्सीच्या गाण्याला मक्ता नव्हता. त्याचे नाव सहज गळून पडू शकले.

आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. गाणाऱ्याला त्यात स्वतःचा म्हणून हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा बांधून दिला की, त्यांनी स्वतः लिहून दिले तरी तो सोडता येत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी खासदार म्हणून केलेला आग्रह सर्वांना माहीत आहे. त्याच्या कितीतरी आधी, साठीच्या दशकात, याच प्रश्नावरून लतादीदी आणि रफीसाहेब यांच्यात दुरावा आला होता. गायकालाही रॉयल्टी हवी, असे लतादीदींचे म्हणणे. गाणे गायले, मानधन घेतले, आपला हक्क संपला, असे रफीसाहेबांचे म्हणणे. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. आमच्या घरात रफीसाहेबांच्या विरुद्ध बोलणे म्हणजे गुन्हाच. त्यांची दानत, त्यांचा साधेपणा यांवर आमचाही जीव आहे. पण या एका मुद्द्यावर आम्ही लतादीदींच्या बाजूचे आहोत. उदारपणा ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला शोभतो. वॉर्डबॉयने उदार झाले की त्याची मुले त्याची किंमत मोजतात.

हे आम्ही पुस्तकी म्हणून सांगत नाही. आमचा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात वॉर्डबॉयच आहे. शादीच्या मौसमात तो सेहरे गातो. सेहऱ्यात नवऱ्या मुलाचे नाव, आई-बापांची नावे, चाचा-मामूंची नावे असतात; छापील सेहऱ्यावर शायराचे नाव असते. चाल लावणाऱ्याचे नाव कुठेच नसते. त्याने लावलेली एक चाल आसपासच्या गावांत फार चालली. एक व्हिडिओवाला आला. ठोक रक्कम देतो, चाल आमची असे लिहून दे, म्हणाला. रक्कम त्याच्या दोन पगारांएवढी होती. तो कागद घेऊन आमच्याकडे आला. “आपा, बहीण की शादी है. दे डालूं क्या?”

आम्ही त्याला पर्सीची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि मग जो प्रश्न विचारला त्याने आम्हीच गप्प झालो. “आपा, पण चाल पूरी माझी पण नाही. हार्मोनियमवर माझा दोस्त होता. अंतरा त्यानेच वळवला. मग चोर कोण?”

त्याच्या या प्रश्नाने लुईस आणि राइट यांच्याकडे आम्ही नव्याने पाहिले. ते कोणी लुटारू नव्हते. रात्री-अपरात्री साथ देणारे, दोस्ताच्या रडण्याला सूर देणारे ते कष्टकरी वादक होते. त्यांचा वाटा नव्हताच असे म्हणणे अन्याय होईल. दोष इतकाच, की वाटणीच्या वेळी तिसऱ्याचे नाव लिहिले गेले नाही. इतिहास अशा वेळी एक चोर आणि एक साधू शोधत बसतो. खरे तर तीन नावांची एक ओळ पुरेशी असते.

मग आम्ही तिघे शाळेच्या व्हरांड्यात बसलो. तो, त्याचा दोस्त आणि आम्ही. शंभर पानी वहीच्या एका पानावर चालीचे वर्णन, अंतरा कोणाचा, मुखडा कोणाचा, तारीख, दोघांच्या सह्या, खाली साक्षीदार म्हणून आमची सही. व्हिडिओवाल्याला त्याने सांगितले, चाल वापरा, पण दोघांची नावे टाका. तो माणूस फिरकला नाही. रक्कम गेली. बहिणीचे लग्न भिशीच्या पैशांवर पार पडले. सेहरा त्यानेच गायला आणि शेवटी नातेवाइकांच्या नावांनंतर एका ओळीत आपले आणि दोस्ताचे नाव गुंफले. मंडपातले म्हातारे म्हणाले, “अरे वा, मक्ता!” नुकसान झाले की फायदा, याचा हिशोब आम्ही अजून मांडू शकलेलो नाही. घराचा हप्ता त्याला भरायचा असतो, आम्हांला नाही. पण ते पान त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवले आहे, एवढे आम्हांला माहीत आहे.

वाचकांना आमची विनंती छोटीशी आहे. आपल्या घरांत नानी-दादींनी रचलेली हळदीची, मेंदीची, पाळण्याची गाणी आहेत. ढोलकीवर चाली लावणाऱ्या खाला आणि फुफ्या आहेत. ती गाणी ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली दडपून टाकू नका. परंपरेलाही माणसांनीच जन्म दिलेला असतो आणि त्यातल्या कित्येक बाया अजून हयात आहेत. आमच्या नानींची चौदा गाणी आम्ही उर्दूत आणि देवनागरीत उतरवून घेतली. प्रत्येकीच्या खाली त्यांचे पूर्ण नाव लिहिले, माहेरच्या गावासकट. नानींना लिहिता-वाचता येत नव्हते. वही त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी विचारले, “यात माझं नाव कुठलं?” आम्ही बोट ठेवून दाखवले. त्यांनी त्या अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “एवढंसंच?”

एवढेसेच. पण तेवढे लिहिलेले असावे.